पूर्वेस ओढा, पश्चिमेस पॉलिगॉन

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे बोलीभाषेत जीआयएस, हे नकाशावरच्या प्रत्येक वस्तूला एक जागा आणि त्या जागेला माहितीचा एक तक्ता जोडणारे सॉफ्टवेअर आहे. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडात त्याचा पाया घातला. त्या अवाढव्य देशात जंगल कुठे आहे, शेती कुठे होऊ शकते आणि कुठे नुसताच कॅनडा आहे, याची मोजदाद करायची होती. पुढे २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी क्यूजीआयएस सुरू केले. ते फुकट होते. इतिहास संशोधनासाठी मिळणारा निधी आणि या सॉफ्टवेअरची किंमत हे दोन आकडे बहुधा जुळत असल्याने ते इतिहास संशोधकांच्या संगणकांवरही लवकरच येऊन बसले.

महाराष्ट्रात त्याची गाठ पडते ती मोडी लिपीतल्या जुन्या कागदांशी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल हजारो, कागद कोट्यवधी. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतले निवडक कागद छापले, तर त्याचे ४५ खंड झाले. दफ्तराचा फार मोठा भाग लढायांचा नाही, जमिनीचा आहे. शेत कोणाचे, इनाम कोणाचे, शीव कोठे, ओढ्याचे पाणी कोणाकडे वळते. इतिहासाच्या पुस्तकात तलवार दिसते, दफ्तरात बांध दिसतो.

जमीन आली म्हणजे नकाशा काढता येईल असे वाटणे साहजिक आहे. पण लिहिणाऱ्याला नकाशाची गरज नव्हती. त्याला गाव माहीत होते, वाचणाऱ्यालाही माहीत होते आणि दोघांना माहीत असलेली गोष्ट लिहून शाई नासवणे कारकुनाच्या शिस्तीत बसत नव्हते. सॉफ्टवेअर मात्र गावात पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यासारखे असते. त्याला काहीच ठाऊक नसते आणि ‘वडाच्या पुढे, देवळाच्या अलीकडे’ असे सांगितलेले समजत नाही.

पहिली पायरी कागदाचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडण्याची. फोटो ही कल्पना क्यूजीआयएसला मान्य नाही. समोर येणारे प्रत्येक चित्र त्याच्या लेखी पृथ्वीचा तुकडा असतो. फोटोबरोबर निर्देशांक नसतील, तर ते चित्राचा वरचा डावा कोपरा शून्य-शून्यावर ठेवते आणि तिथून खाली उणे आकड्यांत उतरत जाते. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात आहे. जगभरातल्या रिकाम्या आणि चुकलेल्या नोंदी तिथे जाऊन पडतात, म्हणून नकाशावाल्यांनी त्या जागेला ‘नल आयलंड’ असे नाव दिले आहे. बेट तिथे नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया तेवढा तिथे नांगरण्यात आला होता. एकक म्हणून मीटर निवडले, तर ४००० पिक्सेल रुंद आणि ६००० पिक्सेल उंच फोटोतले एखाद्या कुलकर्ण्याचे पत्र ४ किलोमीटर रुंद आणि ६ किलोमीटर लांब होऊन अटलांटिकवर पसरते. चुकून अंश निवडले, तर तेच पत्र पृथ्वीला ११ वेढे घालून वर उरते आणि त्याची शेवटची ओळ दक्षिण अक्षांश ६००० वर पोचते. दक्षिण अक्षांश ९० वर संपतात, ही गोष्ट सॉफ्टवेअर त्या वेळी काढत नाही.

हा प्रकार अगदीच फुकट जात नाही. कागदालाच मुलूख मानून अभ्यास करता येतो, आणि तो चांगला होतो. मोडी लिहिणारा आधी आडवी ओळ आखत असे आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जाई. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हे नाहीत आणि बोरू शक्यतो उचलायचा नाही. या ओळी रेषा म्हणून गिरवल्या, अक्षरांभोवती पॉलिगॉन (बंद आकृत्या) काढले आणि शाईच्या दाटीचा हीटमॅप केला की डोळ्यांना न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसू लागतात. बोरू दौतीत बुडवला की अक्षर गडद उमटते, मग हळूहळू फिके होत जाते आणि पुन्हा गडद होते. प्रत्येक लेखकाची ही लय वेगळी असते. एखाद्या इनामपत्रात सगळा मजकूर या लयीत चाललेला असावा आणि बिघ्यांचा आकडाच तेवढा लयीबाहेर गडद निघावा, हा योगायोग असू शकतो. इनामदाराचे म्हणणे तरी तसेच असते. पानाच्या तळाशी ओळींमधले अंतर आकसत गेलेले दिसते, कारण कागद संपत आलेला असतो आणि मजकूर संपत नसतो. त्यानंतर समासात उभा मजकूर सुरू होतो. सॉफ्टवेअर त्याची दिशा ९० अंश लिहून घेते.

पानाचा मुलूख सोडून खऱ्या मुलखात शिरल्यावर पहिले काम गाव शोधण्याचे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, अनुस्वार लेखकाच्या मर्जीवर असतो आणि गावांच्या सरकारी याद्या पुष्कळदा रोमन लिपीत असतात. त्यामुळे नाव एकदा मोडीतून देवनागरीत आणि एकदा रोमनमधून देवनागरीत असे दोन बाजूंनी येते. दोन्ही वाटांवर त्याचे थोडे थोडे काही गळते. तरीही नाव जुळले, तर गावे अनेक निघतात. कागदात ‘मौजे वडगाव’ एवढेच असते, आणि एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ उभी असतात. तर्फ आणि प्रांत लिहिलेले असले तर निवड सोपी होते, पण तर्फेच्या हद्दी आजच्या नकाशावर नसतात. आपोआप स्थळ शोधणाऱ्या सोयीला मात्र असला संकोच नसतो. यादीत पहिले आलेले वडगाव ती ठामपणे निवडते. मग जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौज मावळात न अडकता थेट वडगाव शेरीत येते आणि तिथल्या एखाद्या गृहसंकुलाच्या पार्किंगमध्ये महादजी शिंद्यांशी तह करते.

गाव बरोबर सापडले तरी निर्देशांकांचा क्रम बाकी असतो. काही ठिकाणी आधी अक्षांश लिहितात, काही ठिकाणी आधी रेखांश. शनिवारवाडा साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व येथे आहे. आकड्यांची अदलाबदल झाली की तो आर्क्टिक प्रदेशात, नॉर्वेच्या अस्वल बेटाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, बर्फगार पाण्यात जाऊन उभा राहतो. पेशव्यांचे पुणेच्या पुणे मग त्याच्या मागोमाग तिकडे जाते. ही चूक बरी म्हणायची, कारण ती दिसते. पुण्याचा कागद पुण्यातच, पण पलीकडच्या पेठेत पडला तर कोणाच्याही लक्षात येत नाही.

काही गावे जागेवर सापडतात, पण पाण्याखाली. मुंबई इलाख्यातली नवी जमीनमोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घडी बसवून दाखवली. सर्व्हे नंबरांची परंपरा तिथून राज्यभर गेली. त्याच तालुक्याचा भीमेकाठ पुढे उजनी धरणाच्या फुगवट्यात गेला. जावळीच्या खोऱ्यातली कितीतरी शेते कोयनेच्या शिवसागर जलाशयात आहेत आणि मुळशी पेट्यातली टाटांच्या धरणात. कागदात ‘पूर्वेस नदी’ असते. उपग्रहाच्या चित्रात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस आणि उत्तरेसही नदीच असते.

यानंतर चतुःसीमा, आणि सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे आहे. शेताचे वर्णन करण्याची जुनी रीत चार दिशांची होती. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे शेत, पश्चिमेस पांद, उत्तरेस वडाचे झाड. अमक्याच्या शेताचा कागद काढला, तर त्यात उत्तरेस पहिल्याचे शेत असते. दोन्ही शेते एकमेकांच्या आधाराने उभी असतात आणि दोघांपैकी एकही जमिनीला टेकलेले नसते. वड केव्हाच गेलेला असतो. ओढ्याने पात्र बदललेले असते. पांदीचा डांबरी रस्ता झालेला असतो, किंवा शेजाऱ्यांनी ती दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पोटात घातलेली असते. सॉफ्टवेअर एवढेच विचारते की पॉलिगॉनचे कोपरे कुठे आहेत. चतुःसीमेत बाजू चार असतात, कोपरा एकही नसतो.

हुशार अभ्यासक अशा वेळी पॉलिगॉन काढतच नाहीत. शेते ठिपके म्हणून ठेवतात आणि कोण कोणाच्या कोणत्या दिशेला आहे, एवढेच तक्त्यात भरतात. शंभरेक कागद असे भरले की ठिपके आपसांत सरकून आपापल्या जागी येऊ लागतात. एखादे देऊळ, एखादी विहीर, गावकुसाचा उरलेला कोपरा अशी पक्की खूण दोनतीन ठिकाणी मिळाली, तर सगळे शिवार तिच्याभोवती बसते. हे काम चिकाटीचे आहे आणि त्यात बटण दाबण्यासारखे फारसे काही नसल्याने त्याची प्रात्यक्षिके होत नाहीत.

क्षेत्रफळाचे गणित वेगळीच करमणूक करते. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची मानलेली आहे. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. सॉफ्टवेअरला चौरस मीटर लागतात. हात दीड फुटाचा आणि मूठ तीन इंचांची धरली, तर काठी पावणेनऊ फूट होते आणि बिघा २८ गुंठ्यांच्या आसपास येतो. मूठ चार इंचांची धरली, तर चावरामागे सव्वाआठ एकर जमीन जास्त निघते. एका इंचात एवढी शेती पिकवणारे दुसरे साधन उपलब्ध नाही. मूठ कोणाची धरावी, हा प्रश्न त्या वेळच्या शेतकऱ्याला आणि मोजणीदाराला चांगला ठाऊक असणार, आणि दोघांची उत्तरे वेगवेगळी असणार. सॉफ्टवेअर मात्र दशांशचिन्हापुढे सहा आकडे देते. त्यांतला एकही आकडा मुठीकडे पाहून काढलेला नसतो.

हाताने काढलेला एखादा जुना नकाशा मिळाला, तर आनंद होतो आणि तो जिओरेफरन्सिंगपर्यंत टिकतो. जुन्या देशी नकाशांत अनेकदा पूर्व वर असते. किल्ले उभे, झाडे आडवी आणि नदी दोन्ही काठांवरून पाहिल्यासारखी असते. ज्याचे महत्त्व मोठे त्याचे चित्र मोठे. जुन्या नकाशावरचा एक बिंदू आणि आजच्या नकाशावरचा तोच बिंदू अशा जोड्या लावून तो पृथ्वीवर बसवायचा असतो. साध्या रूपांतराला तीन जोड्या पुरतात, त्यावरच्याला सहा लागतात, त्याहून वरच्याला दहा. किती चूक राहिली, तो आकडा सॉफ्टवेअर सांगते आणि तो वाचून अभ्यासक थिन प्लेट स्प्लाइन नावाचा पर्याय निवडतो. हा पर्याय नकाशा हवा तसा ताणतो, पिळतो, मुरगाळतो, पण दिलेल्या प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दाखवतो. दोन बिंदूंच्या मध्ये काय झाले ते तो सांगत नाही. शोधनिबंधात शून्य छापले जाते. राजगड तेवढा मध्येच वितळल्यासारखा दिसतो.

शेजारच्या दोन गावांचे कागद एकाच नकाशावर आले की हद्दी एकमेकींवर चढतात. टोपॉलॉजी तपासणारी सोय ही जागा लाल रंगवते आणि तिला चूक म्हणते. ती बहुतेक वेळा चूक नसते, तंटा असतो. दोन्ही गावांनी तोच तुकडा आपला म्हणून लिहून ठेवलेला असतो आणि त्यासाठी दोनतीन पिढ्या भांडण चाललेले असते. सॉफ्टवेअरमध्ये असे ओव्हरलॅप आपोआप मिटवण्याची सोय आहे. पाटील, कुलकर्णी आणि अख्खी गोतसभा बसून जे मिटले नाही, ते एका क्लिकमध्ये मिटते, आणि निकाल कोणाच्या बाजूने लागला हे ज्याने क्लिक केले त्यालाही कळत नाही. लाल रंग तसाच ठेवावा. त्या शिवारात पाहण्यासारखे तेवढेच असते.

तंटा कसा मिटवत, ते महजरांतून, म्हणजे निवाड्याच्या कागदांतून, कळते. वतनदार आणि बलुतेदार एकत्र बसत, साक्षी होत आणि शेवटी सगळे आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, वाण्याचा तराजू. साक्षींनीही भागले नाही तर दिव्य होई. एका माणसाने शीव चालायची. ज्या वाटेने तो गेला ती हद्द, आणि ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर काही संकट आले नाही तर निवाडा कायम. शिवेच्या बाबतीत महारांचा शब्द प्रमाण मानला जाई, कारण गावाची हद्द पायाखालची असणारे तेच होते. आज हातात जीपीएस घेऊन कोणी हद्द चालून आला, तर त्याच्या रेषेला ‘ट्रॅक’ म्हणतात आणि काही मीटरांची चूक गृहीत धरतात. जुन्या ट्रॅकची हमी चालणाऱ्याने स्वतःच्या जिवावर घेतलेली असे. कागदावर पुष्कळदा त्याचे नाव असते. नकाशाच्या तक्त्यात मात्र पॉलिगॉनला पाटलाचे नाव मिळते आणि चालणाऱ्यासाठी रकानाच केलेला नसतो. तो करायला अर्धा मिनिट लागतो.

तारखेचा रकाना तक्त्यात तयारच असतो, पण त्याला वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने इंग्रजी तारीख लागते. कागदात चंद्राची तारीख, अरबी महिना आणि अरबी शब्दांत लिहिलेला सुहूर सन असतो. उदाहरणार्थ, ‘छ १७ रबिलावल, सलास सितैन मया व अलफ’. म्हणजे तीन, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११६३, आणि हिशेब करत गेले की ऑक्टोबर १७६२ चा पहिला आठवडा. सुहूर वर्ष मृगाला पालटते, शक चैत्रात पालटतो, आणि फसली सन आपला आकडा वेगळाच ठेवतो. कंटाळलेला अभ्यासक नुसते वर्ष भरतो आणि सॉफ्टवेअर पुढे १ जानेवारी जोडून टाकते. मग काळानुसार चालणारा नकाशा सुरू केला की वर्षभर मराठी मुलखात काहीही घडत नाही. १ जानेवारीला मात्र एकदम सगळी इनामे दिली जातात, सगळे तंटे तुटतात आणि फौजा एकाच दिवशी सगळ्या मुक्कामांवर असतात.

हे मुक्काम जोडून प्रवासाची वाट काढता येते. सॉफ्टवेअरने सरळ रेषा जोडल्या तर फौज डोंगर आणि चंबळेच्या घळी यांची पर्वा न करता जाते. म्हणून कमीत कमी खर्चाचा मार्ग काढण्याची पद्धत वापरतात. खर्च म्हणजे चढउताराचा त्रास. वॉल्डो टॉब्लर यांनी १९९३ मध्ये मांडलेले एक सूत्र त्यासाठी चालते. त्याप्रमाणे सपाटीवर माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो आणि किंचित उतारावर ६. त्यामागची आकडेवारी स्वित्झर्लंडकडची आहे. जावळीतून जाणारा हरकारा त्यामुळे स्विस पायांनी चालतो. तो पावसाळ्यात थांबत नाही, आणि नाक्यावरची जकात या सूत्रात नसल्याने त्याचा खर्च फक्त दमण्याचा असतो. व्यापाऱ्याचा खर्च नेमका उलटा असे. बैल दमले तरी चालेल, पण नाका चुकला पाहिजे.

जमिनीची उंची कळण्यासाठी बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने घेतलेली मापे वापरतात. तोवर कोयनेचे धरण भरून कित्येक वर्षे झाली होती. रडारला खोऱ्याचा तळ दिसला नाही, पाण्याचा पृष्ठभाग दिसला. त्याहून सपाट जागा सह्याद्रीत दुसरी नाही. त्यामुळे सतराव्या शतकातल्या प्रवाशाला कमी त्रासाची वाट शोधून द्या म्हटले, की सॉफ्टवेअर त्याला घाटवाटा टाळून शिवसागर जलाशयावरून चालत नेते, आणि वेळही थोडा लागतो. उपाय म्हणून जलाशय वगळून टाकतात. मग प्रवासी काठाकाठाने लांबचा वळसा घेतो आणि तीनशे वर्षांनी बांधल्या जाणाऱ्या धरणाला आधीच मान देतो. जलाशय भरण्यापूर्वीच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरच्या समोच्चरेषा हाताने गिरवणे, हा खरा इलाज आहे. त्याला काही आठवडे लागतात.

एवढे झाल्यावर सारे जतन करायचे. शेपफाइल हा जुना आणि सर्वत्र चालणारा प्रकार आहे. तो किमान तीन फायलींचा असतो आणि तिन्ही एकत्र लागतात. ईमेलने बहुधा एकच येते. त्यात रकान्याच्या नावाला दहा बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने नाव तीन चिन्हांवर तुटते. चतुःसीमेचे ‘चतु’ होते, महजरचे ‘महज’. वतनदाराचे दार जाते आणि वतन राहते, तेवढा एक अपवाद तक्रारीला जागा देत नाही. आतला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. जिओपॅकेज हा नवा प्रकार हे सगळे दोष टाळतो आणि सगळे काही एका फायलीत ठेवतो. तो वापरावा. मोडीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळालेली आहे, त्यामुळे मूळ अक्षरे तक्त्यात तशीच भरता येतात. वाचणाऱ्याच्या संगणकात मोडी फाँट नसला की प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन येतो. वेगवेगळी अक्षरे ओळखण्याची कटकट त्यामुळे संपते.

छापील नकाशात शेवटी सूची, उत्तरेचा बाण आणि मोजपट्टी घालतात. मोजपट्टीच्या एककांच्या यादीत किलोमीटर, मैल, यार्ड, फूट आहेत. समुद्रापासून दोनशे किलोमीटरवरच्या इंदापूर परगण्यासाठीही समुद्री मैल आहे. कोस नाही. तो हवा असेल तर लेबलच्या जागी हाताने टाइप करावा लागतो आणि एका कोसात किती किलोमीटर, तो गुणक शेजारच्या चौकटीत भरावा लागतो. कोसाचे माप मुलखागणिक बदलत असे. चौकट एकच आहे.